कळण्याचे दाणे

बाजारात भरिताची वांगी आली आहेत. पोपटी हिरवी, अंगावर पांढरट पट्टे असलेली, हातात तोलून पाहावीत अशी जड. सकाळी मेहरूण तलावाला फेरी मारून परतताना हातगाडीवर त्यांचा ढीग दिसला आणि मी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालायला लागलो. या दिवसांत वांग्यांना चुकवून चालणारा माणूस जळगावात बहुधा मी एकटाच असेन.

घरी येऊन फोन पाहिला तर आमच्या गटावर कुणीतरी विचारलं होतंच, यंदा भरीत कधी? खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी पण दोन हात जोडले. गेली कित्येक वर्षं मी तेवढंच करत आलो आहे.

कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगं भाजताना येणारा वास ज्याच्या स्वेटरमध्ये एकदा शिरला, त्याच्या घरात तो होळीपर्यंत राहतो. आधी वरचं साल काळं पडतं, मग ते सुरकुततं, मग देठापाशी पाण्याचे बुडबुडे येऊन शिट्टीसारखा आवाज होतो. आत सगळं लोण्यासारखं झालेलं असतं. लाकडी बडगीत ठेचायचं, त्यात मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. त्या भाकरीला उडदाची एक ओढ असते, ती घासाघासाला जाणवते. भरीत चुकलं तरी चालतं, पण कळणा चांगला हवा, असं आमच्याकडे म्हणणारे पुष्कळ आहेत. मीही म्हणायचो. आता कळणा हा शब्द तोंडातून निघताना अडकतो.

गटाचं नाव ‘गिरणा-पांझरा’. जळगावची गिरणा, धुळ्याची पांझरा, आणि दोन्हीकडची राजकारणावाचून जेवण न जाणारी माणसं. एका निवडणुकीच्या आधी सगळीकडे इतकी शिवीगाळ सुरू झाली, की सख्ख्या भावांनी एकमेकांना ब्लॉक केलं. तेव्हा मी हा गट काढला. मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. वर्गात लोकशाही शिकवायची आणि बाहेर आल्यावर फोनमध्ये तिची दशा पाहायची, याचा कंटाळा आला होता. वेगवेगळ्या पक्षांची माणसं एकत्र आणली आणि त्यांना दोन-चार रीती घालून दिल्या.

पहिली रीत, आडनाव लावायचं नाही. नुसतं नाव आणि पुढे भाऊ, नाना, आबा, अक्का. आडनाव दिसलं की माणूस वाद ऐकायच्या आधी गाव आणि जात मोजतो, असं माझं म्हणणं होतं. लोकांना ते फार आवडलं. दुसरी रीत, वाद तापला की अहिराणीत लिहायचं. प्रमाण मराठीत माणूस भाषण ठोकतो. अहिराणीत त्याला आपली आजी आठवते आणि तो निम्मा राग सोडून देतो. एकदा पाण्याच्या प्रश्नावरून असंच पेटलं, तेव्हा एकाने लिहिलं, ‘तुना नेताले सांग, पहिले आमनी गल्लीनी गटार देखी जाय.’ समोरच्याचं उत्तर आलं, ‘गटार तुनी, नगरसेवक तुना, आनि रडस मनाकडे?’ दोघंही त्या दिवशी हसले असणार. मी तर वर्गावर जाताना जिन्यात हसलो होतो. आणि तिसरी रीत, वर्षभरात ज्या दोघांचं सर्वांत जास्त वाजलं असेल, त्यांनी हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत शेजारी बसून वांगी सोलायची. गरम वांग्याचं साल काढताना बोटं पोळतात. पाण्याचं भांडं एकच. दोघांना आळीपाळीने त्यात बोटं बुडवावी लागतात. पारोळ्याजवळ एका सदस्याचा मळा आहे, धुळ्याला आणि जळगावला दोन्हींना मधला पडतो, तिथे हे चालायचं.

खोटं सांगत नाही, तो गट सुंदर होता. कुणाच्या मुलीला पुण्यात खोली मिळत नव्हती तर विरोधी पक्षाच्या माणसाने ती मिळवून दिली. कुणाचं ऑपरेशन असलं की रक्त द्यायला झेंडा न पाहता माणसं जायची. मी तसा कमी बोलणारा माणूस. गटावर मत असं मी क्वचितच मांडलं. माझं काम काढून टाकण्याचं. कुणी जास्त बोललं की तो मजकूर पुसायचा आणि त्याला खासगीत दोन गोड शब्द लिहायचे. त्यात माझा हात बसला होता. लोक म्हणायचे, भाऊंमुळे गट टिकला.

विमलअक्का या गटात अगदी सुरुवातीपासून. सरकारी नोकरीत परिचारिका होत्या, निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात राहतात. माहेर सोनगीरपासून आत एका खेड्यात. आडनाव कुणाला ठाऊक नसलं तरी चैत्यभूमीला जाऊन आल्याचा त्यांचा फोटो दर वर्षी यायचा, त्यामुळे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. आडनाव झाकायची रीत अशीच असते. माझं झाकलं काय, उघडं ठेवलं काय, माझं काहीच बिघडत नव्हतं, म्हणून ती मला एवढी सहज सुचली.

पार्टीचा कळणा दर वर्षी अक्कांकडून. माहेरच्या शेताची ज्वारी, तिथलेच उडीद, तिथल्याच चक्कीवर दळलेले. पीठ घेऊन त्या एसटीने यायच्या, डबा मांडीवर धरून. आणि मग मळ्यात चुलीपाशी बसून पहिली भाकरी स्वतः थापायच्या.

नाना अक्कांच्या माहेरच्याच गावचे. गावच्या पॅनलचे प्रमुख, अक्कांच्या उलट बाजूच्या पक्षात, आणि आमच्या गटातला सर्वांत गोड माणूस. कुणाचा वाढदिवस ते विसरत नाहीत. माझे वडील गेले तेव्हा नाना धुळ्याकडून आले, मांडवात कोपऱ्यात बसून राहिले, पाहुण्यांना पाणी देत होते. माझा सख्खा चुलतभाऊ पाच मिनिटं टेकून गेला होता. ते मी विसरू शकत नव्हतो, अजूनही शकत नाही. नाना आणि अक्का गटावर इतके भांडायचे, की सलग दोन हिवाळे वांगी सोलायला तेच दोघं बसले. नाना म्हणायचे, अक्का, तुम्ही औषध देणाऱ्या, बोटं पोळली तर मलम आणलं का? अक्का म्हणायच्या, पोळू द्या, मतदान करताना तरी आठवेल. सगळा मळा हसायचा.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. नानांचं पॅनल पडलं. थोड्या मतांनी पडलं, आणि ती मतं अक्कांच्या माहेरच्या वस्तीतून गेली असं गावाने ठरवलं. पुढे काय झालं ते अक्कांनी गटावर लिहिलं. एका दुपारी, मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा घेत होतो, तेव्हा तो मजकूर आला. त्यांनी लिहिलं होतं, की वस्तीचं दळण चक्कीवर घेत नाहीत. वेचणीला कुणी बोलावत नाही. भाच्याचं, प्रशांतचं, दूध संकलन केंद्रावर घेणं बंद झालं आहे, त्याच्याकडे दोन म्हशी आहेत आणि तो सकाळ-संध्याकाळ दूध वाटून टाकतो आहे. हा बहिष्कार आहे. आणि तो कुणाच्या सांगण्यावरून आहे हे त्यांनी नावानिशी लिहिलं होतं. आडनावासकट. गटात पहिल्यांदाच कुणी आडनाव लिहिलं होतं.

मी तो मजकूर पुसला. चहा संपायच्या आत.

मला कुणी सांगितलं नव्हतं. नानांचा फोन आला नव्हता. त्यांनी तो पाहिला तरी होता की नाही, मला माहीत नाही. माझ्या बोटांना सवय होती, एवढंच. मग मी अक्कांना खासगीत लिहिलं, अक्का, तुमचं दुःख समजतं, पण आपल्या गटाची एक रीत आहे. भाषा जरा सौम्य करा, मग टाकू.

त्यांनी पुन्हा लिहून पाठवलं. आडनाव काढलं होतं. मी म्हटलं, नावही नको, उगाच एका माणसाकडे बोट जातं. त्यांनी नाव काढलं. मी म्हटलं, बहिष्कार हा शब्द जरा जड होतो, अक्का. मी राज्यशास्त्र शिकवतो. बहिष्कार हा आपल्या राज्यात कायद्याने गुन्हा आहे हे मला माहीत होतं, दर वर्षी मुलांना सांगतो. तो शब्द जड होतो म्हणजे त्याला वजन असतं, आणि तेच वजन मला नको होतं. अक्कांनी तोही शब्द काढला. शेवटी गटावर जे गेलं ते असं होतं: ‘आमच्या गावात काही कुटुंबांची दळणाची गैरसोय होत आहे. कुणी मार्ग सुचवावा.’

आणि गटाने मार्ग सुचवला. आमचा गट फार मदत करणारा. एकाने लिहिलं, अक्का, घरघंटी घेऊन टाका, आता हप्त्यावर मिळते. दुसऱ्याने त्याच्या घरच्या घरघंटीचा फोटो टाकला, लाइटचं बिल फारसं येत नाही असं कळवलं. तिसऱ्याचा मेहुणा धुळ्यात त्याच वस्तूंचं दुकान चालवतो, त्याने अक्कांसाठी भाव कमी करायची तयारी दाखवली. नानांनीही लिहिलं, अक्का, काही लागलं तर हक्काने सांगा. अक्कांनी सगळ्यांचे आभार मानले. एकेकाचे, नाव घेऊन, भाऊ, आबा, नाना लावून.

ते सगळं परत वाचलं, की मला आजही शोधून त्यात एक वाकडा शब्द सापडत नाही. आणि त्या पहिल्या मजकुरातही नव्हता. मी मुलांना निबंध लिहायला लावतो, भाषा मला कळते. अक्कांचं लिखाण केस-पेपरसारखं होतं. काय झालं, कुणाला झालं, कधीपासून, कुणामुळे. त्यात सौम्य करण्यासारखं एकही विशेषण नव्हतं. नाव तेवढं होतं.

पार्टीच्या दिवशी हवेत चांगलाच गारठा होता. सकाळी मळ्यात धुकं उतरलेलं, केळीच्या पानांवरून थेंब टपटपत होते, कुणी मफलर तोंडावरून काढायला तयार नव्हतं. काड्या पेटल्या, वांगी लागली. अक्का आल्या. नेहमीचा डबा नव्हता. एक लहान गोणपाटाची पिशवी होती, ती त्यांनी चुलीपाशी परातीशेजारी ठेवली. मळ्याच्या मालकीणबाईंनी पीठ काढायला हात घातला आणि मूठ वर आली ती दाण्यांची. ज्वारी आणि उडीद, पांढरे आणि काळे, नीट निवडलेले.

‘दाना शेत,’ अक्का म्हणाल्या. ‘दळेल नहीत.’ दाणे आहेत, दळलेले नाहीत.

एवढंच. चुलीतल्या काड्यांचा आवाज ऐकू येत होता. सगळे त्या परातीकडे पाहत होते आणि मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. कुणीतरी म्हणेल, का दळले नाहीत? एक प्रश्न. मी स्वतः विचारू शकत होतो. मला उत्तर माहीत होतं, म्हणून तर विचारायला सोपं होतं. मी वांग्यांकडे पाहत राहिलो. वांगं भाजण्याआधी त्याला टोचे मारावे लागतात, नाहीतर आतली वाफ कोंडून ते फुटतं. हे प्रत्येकाला माहीत असतं आणि त्या दिवशीही प्रत्येक वांग्याला टोचे मारलेले होते.

मग नाना उठले. मफलर सोडला, पिशवीचं तोंड बांधलं, ती गाडीला अडकवली. ‘आन अक्का,’ ते म्हणाले, ‘मी दळी लई येस.’ आणि पारोळ्याच्या चक्कीवर गेले सुद्धा.

लोक नुसते भारावले. इतका वेळ दाटलेलं काहीतरी एकदम मोकळं झालं. एक जण म्हणाला, याला म्हणतात गट. दुसरा म्हणाला, विधानसभेत दाखवायला पाहिजे हे. नाना पीठ घेऊन परतले, केसांवर, मिशीवर पिठाची पांढरी धूळ, तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नाना आणि अक्कांचा पिठासकट फोटो काढला, गटावर टाकला, अजून तोच गटाचा फोटो आहे. नाना हसताहेत. अक्का पिशवीकडे पाहताहेत.

त्यांनी भाकऱ्या थापल्या. जेवायला बसल्या. मी शेजारून वाढत गेलो तेव्हा एक घास खाऊन म्हणाल्या, ‘कळना चांगला दळेल शे.’ आणि दुसरा घास घेतला.

होळीच्या सुमारास प्रशांतने म्हशी विकल्या. दूध वाटून किती दिवस म्हशी सांभाळणार? तो बायको आणि आईला घेऊन नरडाण्याला गेला, तिथे एमआयडीसीत एका कंपनीत ठेकेदाराकडे लागला आहे. पत्र्याची खोली आहे. घराला गावी कुलूप. ज्या शेतातून ज्वारी-उडीद यायचे ते आता कुणी बटाईनेही करायला तयार नाही, कारण करणाऱ्याचंही दळण बंद होईल. हे मला अक्कांनी सांगितलं नाही. आमच्या गटातले वकील सुधाकरभाऊ एका कामाने नरडाण्याला गेले होते, तिथे चहाच्या टपरीवर प्रशांत भेटला. सुधाकरभाऊंनी मला कोर्टाच्या आवारातून फोन केला. आधी हे सगळं सांगितलं. मग म्हणाले, ‘भाऊ, मला आधी कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी तक्रार घालून दिली असती. फुकट. तुमच्या गटावर तर दळणाची गैरसोय असं आलं होतं.’

तुमच्या गटावर म्हणाले. तोवर ते आपल्या गटावर म्हणायचे.

गटात तसं पाहिलं तर खूप माणसं होती. एक निवृत्त फौजदार, एक वार्ताहर, पंचायत समितीत बसणारे दोघं. ती खरोखर काही करतील म्हणूनच अक्कांनी तिथे लिहिलं होतं. त्या दोन म्हशींना वाचवायला ती माणसं पुरेशी होती. मधे मी होतो. आता तक्रार घालायची का, असं मी सुधाकरभाऊंना विचारलं. ते म्हणाले, आता कुणाची? गाव सोडलेला माणूस साक्ष द्यायला परत येतो का? वस्तीतल्या बाकीच्यांचं दळण चार-आठ दिवसांपूर्वीच सुरू झालं आहे. त्यांनी माफी मागितली म्हणे. कशाची ते त्यांनाही सांगता आलं नसेल.

वर्षभर मी मनात धरून होतो, की अक्का गट सोडतील. रोज सकाळी पाहायचो. त्यांनी सोडला असता, रागाने चार ओळी लिहून सोडला असता, तर मी त्या पुसल्या नसत्या. एवढं तरी नक्की, असं मी स्वतःला सांगायचो. पण त्या गेल्या नाहीत. वादात पडायच्या थांबल्या फक्त. वाढदिवसाला शुभेच्छा देतात. कुणी गेलं की भावपूर्ण श्रद्धांजली लिहितात. नानांना नातू झाला तेव्हा पहिलं अभिनंदन त्यांचं होतं. त्यांच्या लिहिण्यात आता मला सौम्य करण्यासारखं काही उरलेलं नाही. अक्का आमच्यासारख्या झाल्या आहेत.

आज संध्याकाळपर्यंत गटावर भरिताचा दिवस ठरला. येता रविवार. नानांनीच पुढाकार घेतला. त्यांनी लिहिलं, वांगी माझ्याकडून. आणि मग लिहिलं, ‘गेल्या वर्षीची प्रथा मोडायची नाही. अक्कांनी दाणे आणायचे आणि दळून मी आणायचं.’ त्याच्यावर केवढी फुलं पडली. कुणी म्हणालं, हीच आपली संस्कृती. कुणी गेल्या वर्षीचा फोटो पुन्हा टाकला. प्रथा, असा शब्द आहे त्यांच्या मजकुरात. मी घालून दिलेल्या तीन रीतींत आता ही चौथी. अक्कांचं उत्तर आलं, ‘हो नाना.’ आणि जोडलेले हात.

शेत पडीक आहे. अक्का दाणे कुठून आणणार आहेत? बाजारातून विकत आणतील, निवडतील, पिशवीत भरतील.

म्हणून हे लिहायला बसलो. गटावर लिहिलं असतं तर हृदयस्पर्शी, भाऊ, खूप छान मांडलंत, असं आलं असतं आणि नानांनी त्यात सर्वांत आधी हात जोडले असते. नाना वाईट माणूस आहेत असं मला अजून वाटत नाही, हीच माझी सगळ्यात मोठी अडचण आहे. गावात दुधाची किटली परत पाठवणारा माणूस आणि माझ्या वडिलांच्या मांडवात पाणी देणारा माणूस एकच असू शकतो, दोन्ही वेळा तो तितकाच मनापासून वागतो, हे वर्गात कुठल्या धड्याखाली शिकवायचं मला कळलेलं नाही. मुलांना मी सांगतो, की चर्चा हा लोकशाहीचा प्राण आहे. मुलं वहीत उतरवून घेतात.

छापायला देण्याआधी हे अक्कांना वाचून दाखवावं असं वाटलं. गेल्या वर्षभरात मी त्यांना फोन केला नव्हता, तो आता केला. पुसलेला मजकूर, चहा, सुधाकरभाऊ, सगळं वाचलं. बहिष्कार हा शब्द मुद्दाम जोरात वाचला. मधे एकदा त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली, त्या उठल्या, गॅस बंद करून परत आल्या, म्हणाल्या, वाचा. संपलं तेव्हा मी माफी मागितली. ती मागायची राहिली होती.

‘चांगलं लिखेल शे, भाऊ,’ अक्का म्हणाल्या. ‘भाषा बी सौम्य शे.’

मी पानं एकावर एक जुळवायला लागलो.

‘त्यामा नाव कोठे शे?’

मी फोन कानाला तसाच धरून पानं उलटी चाळली. पहिल्यापासून. नाना, नाना, नाना. गाव सोनगीरपासून आत एक खेडं. आडनाव तर आडनाव, नुसतं नावही कुठे नव्हतं. मी ते टाळलं असंही नव्हतं, बोटांनी आपोआप केलं होतं.

‘टाकतो, अक्का,’ मी म्हटलं.

‘राहू द्या,’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मी शोधला. ‘रविवारले दाना लई येस मी. दळाले नाना शेतच.’